एकराचे तीन वाटे : सम, विषम आणि विभाजकांच्या अभ्यासाची प्रस्तावना

सम आणि विषम संख्या हा विषय प्राथमिक शाळेतच आटोपतो, असा बहुतेकांचा समज असतो. शेवटचा अंक ०, २, ४, ६ किंवा ८ असला की संख्या सम, नाहीतर विषम. एवढे सांगून पुस्तक पुढच्या धड्याकडे वळते आणि आपणही वळतो. विभाजक आणि विभाज्य, मसावि आणि लसावि, विभाज्यतेच्या कसोट्या हे सारे त्यानंतर येते आणि परीक्षेपुरते पाठ होते. हे सगळे धडे एकाच प्रश्नातून निघालेले आहेत, हे सांगायचे मात्र राहून जाते. तो प्रश्न साधा आहे : समान वाटे करायला घेतले, तर शेवटी बाकी उरते का? ज्यांना गणिताची धास्ती वाटते त्यांनाही हा प्रश्न परका नाही, आणि म्हणूनच या अभ्यासाचे दार सर्वांसाठी उघडे आहे असे आम्हांला वाटते.

भैंसा आणि मुधोळ परिसरातला मराठी वाचक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. मग तो आदिलाबादला जोडला गेला आणि २०१६ पासून हा भाग निर्मल जिल्ह्यात आहे. राज्य बदलले, जिल्हे बदलले, बाजारात तेलुगू आणि उर्दू बरोबरीने कानावर पडते. पण कित्येक घरांत पाढे अजून 'बे दुणे चार' असेच म्हटले जातात. 'सम-विषम' हे शब्द शाळेत भेटण्याआधी चिंचोक्यांची एकी-बेकी खेळून झालेली असते. मूठ उघडायची, चिंचोके दोन-दोन करून बाजूला सारायचे, शेवटी एक उरला तर एकी आणि काही न उरले तर बेकी. दोनाने भागून बाकी पाहणे म्हणतात ते याहून वेगळे काही नाही.

याच परिसरातले थोडे मोठे उदाहरण घेऊ. सीमेच्या अलीकडे काय किंवा पलीकडे काय, जमीन एकर-गुंठ्यांत मोजतात. एकराचे ४० गुंठे, आणि प्लॉटचा व्यवहार गजांत होतो तेव्हा एका गुंठ्याचे १२१ चौरस गज. आता एक एकर तीन भावांत वाटायचा आहे. प्रत्येकाला १३ गुंठे दिले की ३९ झाले, एक गुंठा उरला. त्याचे १२१ गज केले. प्रत्येकी ४० दिले की १२० झाले, पुन्हा एक गज उरला. त्या एका गजाचे ९ चौरस फूट केले आणि प्रत्येकाला ३ फूट दिले, तेव्हा कुठे वाटणी मिटली. म्हणजे एकेकाला १३ गुंठे, ४० गज आणि ३ फूट. चौरस फुटांत हिशेब मांडला तर एकराचे ४३,५६० होतात आणि त्यांचा बरोबर तिसरा हिस्सा १४,५२० येतो. जमीन तीच, भाऊ तेच. गुंठ्यांत आणि गजांत वाटणी अडते, फुटांत सुटते. कारण एवढेच की ४० आणि १२१ यांपैकी एकाच्याही विभाजकांत ३ नाही, आणि ९ च्या विभाजकांत तो आहे. भावकीचे वाद गणिताने मिटतात असा आमचा दावा नाही, पण मोजणीचे एकक बदलल्याने बाकी का नाहीशी होते, हे मात्र त्याने नक्की कळते.

पैशांच्या हिशेबातही असेच घडले आहे. हैदराबाद संस्थानचा हाली रुपया आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार रुपया यांची नावे जुन्या पिढीच्या बोलण्यात आजही निघतात. १९५० च्या सुमारास दोन्ही नाणी शेजारी-शेजारी चालत आणि ७ हाली म्हणजे ६ कलदार असा दर होता. हाली रुपया चलनातून पुरता बाद झाला तो १९५९ मध्ये. दोन्हीकडे रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे १२ पै, म्हणजे रुपयाचे १९२ पै. आता १०० कलदार रुपयांचे हाली करा : ११६ रुपये १० आणे ८ पै, अगदी चोख. उलट १०० हाली रुपयांचे कलदार करायला जा : ८५ रुपये ११ आणे ५ पै देऊनही पैचा तुकडा उरतोच. एकाच दराने एकीकडचा हिशेब जुळतो आणि दुसरीकडचा जुळत नाही. कलदाराचा हाली करताना ६ ने भागावे लागते, आणि १९२ ला ६ ने निःशेष भाग जातो. हालीचा कलदार करताना ७ ने भागावे लागते, आणि १९२ च्या विभाजकांत ७ नाही. पूर्ण रुपयांची रक्कम ७ च्या पाढ्यातली असेल तेव्हाच हा हिशेब पैपर्यंत चोख निघे.

आता या अभ्यासाकडे कसे वळावे ते सांगतो. पाढा आपल्याला विभाजकाकडून विभाज्याकडे नेतो : पाच अठ्ठे चाळीस. इथे उलटे चालायचे आहे. ४० समोर आहे. तो कोणकोणत्या पाढ्यांत येतो? वाचकांनी लगेच यादी करायला बसू नये. आधी संख्या निम्मी करत जावे. ४० चे निम्मे २०, त्याचे १०, त्याचे ५, आणि इथे वाट संपते, कारण ५ विषम आहे. म्हणजे ४० तीनदा निम्मा होतो आणि मागे ५ उरतो. आमच्या मते सम-विषमाचा खरा अर्थ इथे दिसू लागतो. संख्या सम आहे एवढे कळणे ही नुसती सुरुवात. ती कितीदा सम आहे, म्हणजे कितीदा निम्मी होते, हे कळले की तिच्या विभाजकांची निम्मी कहाणी हाती येते.

ती कशी, ते पाहा. मागे उरलेल्या ५ चे विभाजक १ आणि ५, दोन्ही विषम. ४० चे विषम विभाजक एवढेच. आता प्रत्येकाला तीन वेळा दुप्पट करा : १ पासून २, ४, ८, आणि ५ पासून १०, २०, ४०. ४० चे सगळे सम विभाजक आले. निम्मे तीनदा झाले म्हणून सम विभाजक विषम विभाजकांच्या तिप्पट, दोनाचे सहा. कोणतीही सम संख्या घ्या, हा नियम चुकत नाही. १९२ सहा वेळा निम्मा होतो आणि ३ उरतो. विषम विभाजक १ आणि ३, सम विभाजक त्यांच्या सहापट म्हणजे १२, एकूण १४. विषम संख्येचे मात्र निम्मे एकदाही होत नाही, म्हणून तिला सम विभाजक नसतोच. विषम संख्येला २ ने भाग जात नाही हे सर्वांना ठाऊक असते. तिला ४, ६, ८, १० यांपैकी कशानेच भाग जाणार नाही, हे त्यातच आले आहे, याकडे लक्ष जात नाही.

१ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. १०० दोनदाच निम्मा होतो आणि २५ उरतो. १, ५, २५ हे तीन विषम विभाजक आणि त्यांच्या दुप्पट सहा सम, एकूण ९. वाटपाच्या सोयीच्या दृष्टीने पाहिले तर १४ विभाजकांचा जुना रुपया ९ विभाजकांच्या नव्या रुपयाहून उजवा होता. तीन जणांत एक रुपया वाटताना प्रत्येकी ५ आणे ४ पै चोख येत, आता ३३ पैसे देऊन एक पैसा उरतो. दशमान पद्धत आली ती लिहिण्याच्या आणि बेरजेच्या सोयीसाठी, आणि ती सोय मोठीच आहे. पण सोळा, बारा आणि चाळीस यांचा व्यवहार करणारे जुने लोक अडाणी नव्हते, हे नोंदवल्यावाचून राहवत नाही.

इथे चौकस वाचकाला एक शंका येईल : १९२ चे विभाजक १४, ४० चे ८, आणि १०० चे मात्र ९, हा विषम आकडा कुठून आला? विभाजक जोडीने येतात. ४० मध्ये १ ची जोडी ४० शी, २ ची २० शी, ४ ची १० शी, ५ ची ८ शी. म्हणून एकूण सम. १०० मध्ये १० ची जोडी १० शीच लागते आणि एक विभाजक एकटा पडतो. वर्गसंख्यांचेच असे होते, दुसऱ्या कोणत्याही संख्येचे नाही. गुंठ्याचे १२१ गज हीदेखील वर्गसंख्या, अकराचा वर्ग. तिचे विभाजक १, ११ आणि १२१, तीनच.

विभाज्यतेच्या कसोट्यांबद्दल आमची एक विनंती आहे. त्या पाठ करू नका. का चालतात ते एकदा स्वतः करून पाहा. २ साठी शेवटचा अंक पुरतो, कारण दहा स्वतः सम आहे आणि दशक, शतक, हजार यांतून विषमपणा शिरूच शकत नाही. १०० ला ४ ने भाग जातो म्हणून ४ साठी शेवटचे दोन अंक, १००० ला ८ ने जातो म्हणून ८ साठी शेवटचे तीन. माणसाने दहाऐवजी नवाच्या गटांत मोजायचे ठरवले असते, तर शेवटच्या अंकावरून सम-विषम ओळखता आले नसते. सगळ्या अंकांची बेरीज करावी लागली असती. जाता जाता शून्याबद्दल : शून्य सम आहे. एकी-बेकीत मूठ रिकामी निघाली तरी एक काही उरत नाही. जानेवारी २०१६ मध्ये दिल्लीत सम-विषम क्रमांकांची वाहने एकाआड एक दिवस सोडली, तेव्हा शेवटी ० असलेली गाडी समच्या दिवशी धरली गेली, ते योग्यच होते.

३ आणि ९ ची कसोटी जरा सावकाश पाहू. एकराचे ४,८४० चौरस गज घ्या. त्यांत ४ हजार आहेत. प्रत्येक हजारातले ९९९ तिघांत बिनतक्रार वाटले जातात आणि एक उरतो, म्हणजे ४ उरले. ८ शतकांतून ९९ प्रमाणे वाटून ८ उरले, ४ दशकांतून ९ प्रमाणे वाटून ४ उरले. एकूण उरले १६, म्हणजे अंकांची बेरीजच. १६ तिघांत वाटले की १ उरतो. वर तीन भावांच्या वाटणीत जो एक गज उरला होता, तो हाच. ४३,५६० ची अंकबेरीज १८ येते, म्हणून तिथे काही उरले नाही.

अंकांच्या बेरजेचे वेड ज्यांनी आयुष्यभर जोपासले ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) मराठी वाचकाला आपले वाटावेत असे गणिती. फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला त्यांनी हर्षद संख्या असे नाव दिले : १८ ला ९ ने, २१ ला ३ ने, २४ ला ६ ने. त्यांची ६१७४ ही संख्या जगभर प्रसिद्ध आहे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि पुढे तीच येत राहते. सात पायऱ्यांच्या आत प्रत्येक वेळी इथेच पोहोचता येते. या वाटेवरची प्रत्येक वजाबाकी ९ च्या पाढ्यातली असते. कारण सोपे आहे : दोन्ही संख्यांचे अंक तेच, म्हणून ९ ने भागल्यावर बाकी तीच, आणि वजाबाकीत ती उडून जाते. ६१७४ ची अंकबेरीज १८. तिने भागले की ३४३ येतात, म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात. कापरेकरांची ही संख्या त्यांच्याच हर्षद संख्यांपैकी एक आहे, हे वाचकांनी एकदा स्वतः भागाकार करून पाहावे. छापलेले वाचण्यात ती मजा नाही.

अशक्य काय ते ओळखणे, हा या विषयाचा सर्वांत उपयोगी भाग आहे. १४ रुपयांच्या वह्या आणि ६ रुपयांचे पेन असा माल घेतला आणि बिल ७७ रुपये झाले, तर किती वह्या नि किती पेन घेतले हे आठवत बसू नका; बिल चुकले आहे. सम किमतींच्या वस्तू कितीही घेतल्या तरी बेरीज सम येते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ग्रंथात, 'लीलावती'त, कुट्टकाच्या, म्हणजे पूर्णांकी उत्तरे शोधण्याच्या रीतीच्या, प्रकरणाची सुरुवातच या दक्षतेने केली आहे. भाज्य आणि हार (भाजक) या दोघांना ज्या संख्येने निःशेष भाग जातो, तिने क्षेपालाही, म्हणजे मिळवायच्या संख्येलाही, जायला हवा. जात नसेल तर विचारलेला प्रश्नच सदोष समजावा. उत्तर शोधण्याआधी प्रश्न तपासायचा, ही शिस्त त्यांनी इतक्या जुन्या काळी घालून दिली. त्यांचे नातू चांगदेव यांनी या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, आणि तशी नोंद करणारा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण गावी आहे. आपल्या मुलखात या विद्येची पाठशाळा होती, ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशीच आहे.

सवय लागावी म्हणून कोणतीही संख्या पुरते. बासर स्थानकातून जाणाऱ्या देवगिरी एक्स्प्रेसचे जाण्या-येण्याचे क्रमांक १७०५७ आणि १७०५८. दुसरा सम आहे, आणि अंकबेरीज २१ म्हणून त्याला ३ ने, पर्यायाने ६ ने भाग जातो. पहिला विषम, ३, ५, ७, ११, १३ कशालाच दाद देत नाही आणि शेवटी ३७ पाशी येऊन फुटतो : ३७ गुणिले ४६१. दोन्हींना सामाईक विभाजक शोधण्यात मात्र वेळ घालवू नका. जी संख्या दोघांनाही भागेल तिला त्यांच्यातल्या फरकालाही भागावे लागेल, आणि फरक आहे एक. लागोपाठच्या दोन संख्यांचा मसावि नेहमी १ असतो तो यामुळे.

हा विषय संपलेला आहे असेही कोणी समजू नये. युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या नवव्या भागात सम-विषमाचे नियम ओळीने सिद्ध केले, आणि त्याच भागाच्या अखेरीस परिपूर्ण संख्या कशा घडवाव्यात ते सांगितले. स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज त्या संख्येएवढीच आली की ती परिपूर्ण; ६ चे १, २, ३ आणि २८ चे १, २, ४, ७, १४. पुढे ४९६ आणि ८१२८. आजवर सापडलेली प्रत्येक परिपूर्ण संख्या सम आहे. विषम परिपूर्ण संख्या असते का? दोन हजारांहून अधिक वर्षे झाली, कोणालाही उत्तर सापडलेले नाही. असलीच तर ती १ वर १५०० शून्ये दिल्यावर होणाऱ्या संख्येहून मोठी असेल, एवढे २०१२ मध्ये सिद्ध झाले आहे. आठवीतल्या मुलाला समजेल असा प्रश्न जगातल्या एकाही गणितज्ञाला सुटलेला नाही, असे दुसऱ्या किती शास्त्रांत आढळते?

शिक्षकांना आणि पालकांना एक सुचवावेसे वाटते. मुलाने विभाजकांची यादी बरोबर केली तरी 'आणखी एखादा राहिला नाही कशावरून?' असे जरूर विचारा. जोड्या लावून आणि निम्मे मोजून त्याला स्वतःलाच खात्री पटवता आली, तर कसोट्यांचा तक्ता भिंतीवर लावण्याची गरज उरणार नाही. ज्यांना भागाकाराची सवय सुटली आहे अशा मोठ्या वाचकांनी तीसपर्यंतच्या पाढ्यांची उजळणी तेवढी करून घ्यावी. कॅल्क्युलेटर वापरायला हरकत नाही, मात्र तो नंतर, पडताळ्यासाठी.

सुरुवात ८४० पासून करा. आधी निम्मे करत विषम संख्येपर्यंत या, तिचे विभाजक लिहा, मग त्यांच्या दुपटी घ्या. एकूण ३२ विभाजक मिळायला हवेत. कमी आले तर उत्तर कुठे पाहू नका. ज्या विभाजकाची जोडी यादीत दिसत नाही, तिथेच सुटलेला विभाजक सापडेल.